संकटकाळी हाक कोणाला मारावयाची?



नव्याने दीक्षा घेतलेल्या घरांत एक प्रश्न वारंवार निघतो. तो बहुधा घरातील म्हातारी आजी विचारते. ती तो भांडणासाठी विचारीत नाही, भीतीपोटी विचारते. "बाबासाहेबांनी सांगितले म्हणून देव्हारा काढला. मरीआई सोडली, खंडोबा सोडला, नवस-सायास बंद केले. सारे पटले. पण उद्या नदीला पूर आला, घर हादरले, वीज कडाडली, तर तोंडी नाव कोणाचे घ्यावयाचे? हाक कोणाला मारावयाची?"

घरातील शिकलेली मुले या प्रश्नाला हसतात, नाहीतर "अंधश्रद्धा" एवढा एक शब्द फेकून मोकळी होतात. हे बरोबर नाही. आजी जे विचारते आहे ते वरवरचे नाही. देव काढला त्या जागी तुम्ही काय ठेवले, असा तिचा सवाल आहे. ती जागा रिकामी राहिली तर भीतीच्या पहिल्याच रात्री जुना देव मागच्या दाराने घरात शिरतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगावयास नको.

या सवालाचे उत्तर धम्मात आहे. हाक शेजाऱ्याला मारावयाची. ती त्याला ऐकू जावी आणि तो दोर घेऊन धावत यावा, ही व्यवस्था मात्र पूर येण्याच्या आधी करून ठेवावयाची. या 'आधी'ला तथागतांच्या शिकवणीत एक नाव आहे. ते नाव अप्पमाद, म्हणजे अप्रमाद. गाफील न राहणे, जागे राहणे, वेळेवर यत्न करणे. कुशिनारा येथे महापरिनिर्वाणाच्या वेळी भगवंतांनी भिक्खूंना शेवटचा उपदेश केला तो याच अप्रमादाचा. जे जे घडले आहे ते ते नाश पावणारे आहे, म्हणून गाफील राहू नका, असा त्याचा आशय. सर्व अनित्य आहे एवढे सांगून भगवंत थांबले नाहीत. अनित्य आहे म्हणून हातपाय गाळून बसा, असेही म्हणाले नाहीत. अनित्य आहे म्हणूनच जागे राहा, असे म्हणाले. पुढे 'मिलिंद प्रश्न' या ग्रंथात भदंत नागसेनांनी मिलिंद राजाला हीच गोष्ट साध्या दाखल्याने पटवून दिली आहे. महाराज, तहान लागेल तेव्हा आपण विहीर खणावयास सांगाल काय, भूक लागेल तेव्हा शेत नांगरावयास लावाल काय, अशा अर्थाचे प्रश्न त्यांनी राजाला केले. तहान लागल्यावर विहीर खणू नये ही म्हण आपल्या आया-बहिणी रोज बोलतात. तिच्यात अप्रमादाचे सारे तत्त्व भरलेले आहे.

मे १९५६ मध्ये लंडनच्या बी. बी. सी. वरील भाषणात परमपूज्य बाबासाहेबांनी आपणास बौद्ध धम्म का आवडतो हे सांगताना तीन तत्त्वांचा उल्लेख केला होता: प्रज्ञा, करुणा आणि समता. आपत्तीच्या प्रश्नालाही हीच तीन तत्त्वे लावून पाहू.

प्रज्ञा: आपत्ती ही शिक्षा नव्हे

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहार व नेपाळमध्ये भयंकर भूकंप झाला. हजारो माणसे मेली. त्यावर महात्मा गांधी असे म्हणाले की, हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने केलेली शिक्षा होय. रवींद्रनाथ टागोरांनी या विधानास जाहीर हरकत घेतली आणि ती हरकत गांधीजींच्या 'हरिजन' पत्रात छापलीही गेली.

वरवर पाहता गांधीजींचे ते विधान आपल्या बाजूचे वाटेल. अस्पृश्यता हे पाप, एवढे तरी त्यात कबूल केलेले आहे. परंतु नीट विचार करा. बिहारमध्ये जी घरे कोसळली ती काय फक्त अस्पृश्यता पाळणाऱ्यांची होती? ज्यांना विहिरीवर पाणी भरू दिले जात नव्हते तेही त्याच भूकंपात सापडले. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याच पोरांना ढिगाऱ्याखाली पुरून अन्यायाची शिक्षा देणारा हा न्यायाधीश कसला? म्हणून हा विचार आपल्या सोयीचा असला तरी बौद्धाने तो नाकारलाच पाहिजे. एकदा का आपत्ती ही पापाची शिक्षा मानली, की उद्या दुसरा कोणी उठून म्हणेल, यांनी देव सोडले म्हणून यांच्या वस्तीत पूर शिरला. शिक्षेची भाषा दुधारी असते, आणि तिची धार अखेर गरिबाच्याच मानेवर पडते.

पूर्वजन्मीच्या कर्माचेही तसेच. मागच्या जन्मी काही केले असेल म्हणून या जन्मी घर वाहून गेले, हे बोलणे आपल्या कानांवरून अजून गेलेले नाही. मोलिय सीवक नावाच्या परिव्राजकाने भगवंतांना हेच विचारले होते: माणूस जे सुखदुःख भोगतो ते सारे पूर्वकर्माचेच फळ काय? भगवंतांनी ते मान्य केले नाही. शरीरातील बिघाड, ऋतूंचे बदल, बाहेरून झालेला आघात अशी वेगवेगळी कारणे त्यांनी दाखवून दिली. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माच्या सिद्धांतावर कठोर टीका केली आहे. कारण त्या सिद्धांताने गरिबाला त्याच्या दुःखाचा गुन्हेगार ठरविले आणि बाकी सर्वांना जबाबदारीतून मोकळे केले.

मग खरे कारण काय? ते शोधणे हीच प्रज्ञा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या दोन जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे गेली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून लोक झोपलेले होते. इतकी माणसे का मेली? घरांच्या भिंती मोठमोठ्या दगडांच्या, चिखलात रचलेल्या, हात-दोन हात रुंद. दगडांना एकमेकांत बांधणारे काही नाही. वर लाकडी माळवद आणि त्यावर वर्षानुवर्षे चढत गेलेले मातीचे ओझे. जमीन हलली तेव्हा भिंती सुटल्या आणि ते ओझे झोपलेल्या माणसांवर आले. कुडाची, पत्र्याची हलकी खोपटी पडली तरी आतला माणूस बहुधा वाचतो. मारले ते जमिनीने नव्हे, भिंतीने आणि छताने. म्हणजे घर बांधताना दगडांत आडवे बांधदगड घालणे, भिंतीला पट्ट्यांनी आवळणे, छत हलके करणे, एवढ्याने पुष्कळ जीव वाचू शकतात. कारण आहे म्हणून परिणाम आहे. कारण काढले की परिणाम टळतो. प्रतीत्यसमुत्पाद गवंड्याच्या हातात आला म्हणजे असा दिसतो.

बाबासाहेबांनी स्वतः या बाबतीत काय केले हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. १९४३ साली दामोदर नदीचा बांध फुटून बंगालमध्ये मोठा पूर आला. त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याकडे होते. त्यांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेचा पाया घातला. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे ओरिसातील नद्यांबद्दल बोलताना त्यांनी मांडलेला विचार असा की, पुराचे पाणी ही नुसती पीडा समजून समुद्रात घालवू नये. ते साठवावे, त्यातून शेती, वीज आणि जलवाहतूक साधावी. नदीची ओटी भरणारा देश त्यांना नदीचा अभ्यास करणारा करावयाचा होता.

करुणा: ती आधी दाखवावी लागते

आपत्ती आल्यानंतर अश्रू गाळणारे पुष्कळ असतात. कपड्यांची गाठोडी, भाकरीच्या चळती, वर्गणीची पावतीपुस्तके, सारे काही येते. ते वाईट नाही. परंतु बुडालेल्या माणसाला त्याचा उपयोग नसतो. जी करुणा पंधरा दिवस आधी येते तीच जीव वाचवते.

याचा पुरावा ओरिसातच आहे. ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे मेली. त्यानंतर किनाऱ्यावर निवारे बांधले गेले, गावोगाव तरुणांची पथके तयार झाली, वादळाची सूचना घरोघर पोहोचविण्याची रीत बसली. ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलिन नावाचे तसेच प्रचंड वादळ आले तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलविण्यात आले आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. बांगलादेशाचे उदाहरणही असेच. १९७० च्या चक्रीवादळात तेथे तीन लाखांहून अधिक माणसे गेली. मग गावातल्याच साध्या स्त्री-पुरुषांना कर्णे, शिट्ट्या, झेंडे देऊन स्वयंसेवक केले गेले. आज त्यांची संख्या सत्तर हजारांवर आहे आणि त्यांत निम्म्या स्त्रिया आहेत. स्त्रियांचे महत्त्व त्या देशाने फार मोठी किंमत देऊन ओळखले. १९९१ च्या वादळात पुरुषांपेक्षा स्त्रिया कितीतरी अधिक मेल्या. घर सोडून निघण्याचा निर्णय त्यांच्या हाती नव्हता. दीक्षेने स्त्री-पुरुष समान झाले असे आपण म्हणतो, तर आपल्या वस्तीत निघण्याचा निर्णय घरची बाईही घेऊ शकते काय, हे प्रत्येकाने आपल्या घरी विचारून पाहावे.

आपण काय करू शकतो? पैसा लागत नाही अशाच गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट वस्तीची यादी. कोणत्या घरात चालता न येणारे म्हातारे आहेत, कोठे बाळंतीण आहे, कोठे अंध किंवा अपंग माणूस आहे, कोणाचे घर ओढ्याच्या काठी आहे, हे एका वहीत लिहावे आणि दर वर्षी नवे करावे. मग प्रत्येक घराला एक जोडीचे घर ठरवून द्यावे. पाणी चढू लागले की आपली माणसे काढताना जोडीच्या घरात कोणी मागे राहिले नाही ना, हे पाहण्याची जबाबदारी त्या घराची. अमुक आजीला कोण उचलणार, हे नावानिशी ठरलेले असावे. 'सगळे मिळून पाहू' असे ठरले म्हणजे कोणीच पाहणार नाही असे ठरले.

दुसरी गोष्ट वेळेवर निघणे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि स्त्रिया-मुलांसह पंधराहून अधिक जीव गेले. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. पाण्याने वेढा घातल्यावर मिळेल त्या बोटीत गर्दी होणारच. म्हणून गेल्या पुराची खूण शाळेच्या किंवा विहाराच्या भिंतीवर रंगवून ठेवावी, आणि पाणी कोणत्या खुणेला आले की निघावयाचे हे उन्हाळ्यातच ठरवावे. निघताना विजेचा मुख्य खटका आणि गॅसची टाकी बंद करावी. गुरांची दावी सोडून द्यावी. मोकळे जनावर पोहून वाचू शकते, बांधलेले बुडते, आणि त्याला सोडावयास परत गेलेला धनीही बुडतो.

डोंगराच्या पायथ्याशी वस्ती असेल तर जमिनीला नवी भेग पडली, झाडे किंवा विजेचे खांब कलले, घराची दारे अचानक अडकू लागली, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर ती दरड सुटण्याची लक्षणे समजून त्याच दिवशी हलावे. माळीण येथे ३० जुलै २०१४ ला आणि महाड तालुक्यातील तळिये येथे २२ जुलै २०२१ ला दरडीने वस्त्याच्या वस्त्या गाडल्या. मुसळधार पावसात डोंगर वाट पाहत नाही.

तिसरी गोष्ट कागदपत्रे. ही आपल्या लोकांसाठी फार मोठी आहे. ज्यांच्या घरात जमीन नाही, सोने नाही, त्यांच्या घरात कागद हीच इस्टेट. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, १९५० पूर्वीचा पुरावा म्हणून जपलेली आजोबांच्या दाखल्याची नक्कल, शिधापत्रिका, बँकेचे पुस्तक, हे एका रात्रीत भिजून लगदा झाले म्हणजे पोराची शिष्यवृत्ती आणि नोकरी अडते. पंचनाम्याच्या वेळी हे घर तुमचेच कशावरून, असा प्रश्न येतो. हे सारे जाड प्लास्टिकच्या पिशवीत तोंड घट्ट बांधून घराबाहेर नेता येईल अशा जागी ठेवावे आणि त्यांची छायाचित्रे दूरच्या नातेवाइकाच्या फोनमध्येही असू द्यावीत.

चौथी गोष्ट अंगची विद्या. वस्तीतील प्रत्येक मुला-मुलीला पोहता यावे. पूर ओसरल्यावर पाणी उकळूनच प्यावे. जुलाब लागल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून पाजावे, हे प्रत्येक आईला पाठ असावे. पुरानंतर साप घरात येतात. चावल्यास मांत्रिकाकडे न नेता, जखम न कापता, सरळ सरकारी दवाखाना गाठावा. वीज कडाडत असता एकट्या झाडाखाली उभे राहू नये. १०८ हा रुग्णवाहिकेचा, ११२ हा तातडीच्या मदतीचा आणि १०७७ हा जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक घराच्या दारामागे लिहून ठेवावा. प्रत्येक घरात एक शिटी असावी. अंधारात, पावसाच्या आवाजात माणसाचा घसा बसतो, शिटीचा आवाज लांब जातो.

समता: सेवा आणि गावकी यांतील फरक

आता तरुणांचा एक प्रश्न. ते म्हणतात, "ज्या गावाने आम्हांला वेशीबाहेर, ओढ्याच्या काठी ठेवले, त्या गावाला पुरातून काढण्यासाठी आम्ही का धावावे? पिढ्यान्पिढ्या दवंडी आम्ही दिली, सांगावे आम्ही नेले, मेलेली ढोरे आम्ही ओढली. पुन्हा तेच करावयाचे काय?"

हा राग खोटा नाही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर काय घडले हे आठवावे. मदत छावण्यांत दलितांना वेगळे ठेवण्यात आले, पाण्याला हात लावण्यावरून अडविण्यात आले, आणि प्रेते उचलण्याचे काम मात्र सफाई कामगार दलितांवर आले. लाटेने जात विचारली नाही, छावणीने विचारली. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्यावर जो प्रश्न उभा केला तो पुराच्या छावणीत पुन्हा उभा राहतो. त्याच महाडमध्ये २२ जुलै २०२१ ला घराघरांत पाणी शिरले होते. पाणी सर्वांच्या घरात सारखे शिरते, तर पिण्याचे पाणीही सर्वांना एकाच पंगतीत मिळाले पाहिजे.

तरीही तरुणांना माझे सांगणे असे आहे. गावकी आणि सेवा यांत फरक आहे, आणि तो फरक कामात नसतो. बुडत्याला ओढून काढणे हे काम तेच. जे जन्माने लादलेले असते, नाकारता येत नाही आणि ज्याच्या बदल्यात तुच्छता मिळते, ती गावकी. जे मोकळा माणूस आपल्या विचाराने, बरोबरीच्या नात्याने करतो, ती सेवा. आपण गावकी सोडली ती माणुसकी सोडण्यासाठी नव्हे. प्राणिमात्रांवर दया ठेवण्याची प्रतिज्ञा आपण दीक्षेच्या वेळी घेतली. तिच्यात जात पाहून दया करण्याची मुभा नाही. बुडणारा कोणाचा, हे विचारून आपण दोर टाकू लागलो तर आपल्यात आणि छावणीत पाणी अडविणाऱ्यात अंतर काय राहिले?

परंतु ही सेवा डोळे उघडे ठेवून करावयाची. गावाची आपत्ती समिती होईल तेव्हा तिच्यात आपली माणसे, विशेषतः आपल्या स्त्रिया, बसल्या पाहिजेत. नुसते राबावयास नव्हे, ठरवावयासही. निवाऱ्याची जागा, मदतीचे वाटप, पंचनाम्याची यादी ग्रामसभेत वाचली जावी असा आग्रह धरावा. पुरात मेलेली जनावरे उचलण्याचे काम ग्रामपंचायतीने यंत्र, हातमोजे व औषध देऊन करवून घ्यावे. माणसे लागलीच तर सर्व जातींच्या तरुणांनी पाळीपाळीने लागावे. त्या पाळीत आपणही उभे राहू, एकटे मात्र उभे राहणार नाही. आणि आपले विहार उंचावर, पक्के असेल, तर ते पुरात सर्वांसाठी उघडे करावे. ज्यांनी आपणांस देवळाच्या पायरीवर चढू दिले नाही त्यांच्या मुलांना विहाराच्या फरशीवर कोरडी जागा मिळावी. बाबासाहेबांच्या अनुयायांनी द्यावयाचे उत्तर असेच असू शकते.

विहारातून सुरुवात

या कामाला नवी संस्था नको. आपले धम्माचे दिवसच त्याला अनुकूल आहेत. बुद्ध पौर्णिमा वैशाखात, पावसाळ्याच्या तोंडावर येते. त्या दिवशी खीरदानानंतर तासभर बसून वस्तीची यादी, जोडीची घरे आणि निघण्याच्या खुणा ठरवाव्यात. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि विहाराविहारांत बाबासाहेबांच्या ग्रंथाचे वाचन चालते. वाचन संपल्यावर पाच मिनिटे काढून नदीचे पाणी कोठवर आले, कोणाच्या घरी कोण आजारी आहे, याची विचारपूस व्हावी. शाळा चालू असताना मुलांना भूकंपात डोके झाकून बाकाखाली कसे जावयाचे हे खेळासारखे शिकवावे. मुले ते घरी जाऊन आजीला शिकवितात, असा शिक्षक म्हणून माझा अनुभव आहे.

परित्राण पाठाविषयीही दोन शब्द. वैशालीत दुष्काळ व रोगराई पसरली असता भगवंत तेथे गेले आणि रतनसुत्ताचे पठण झाले, अशी परंपरा सांगते. संकटात तो पाठ जरूर म्हणावा. त्याने घाबरलेले मन थाऱ्यावर येते आणि माणसे एकत्र राहतात. पण पाठ म्हटल्याने नदी उतरते असे जो सांगेल तो धम्माच्या नावाने जुना देव्हाराच पुन्हा मांडतो आहे, हे ओळखावे. त्या परंपरेतही भगवंत आपल्या जागी बसून राहिले नाहीत, आजारी नगरीत चालत गेले. आपणही आधी उठून शेजाऱ्याच्या दारी जावे आणि मग पाठाला बसावे.

घरातल्या आजीला तेव्हा सांगा: आजी, तुझ्या गळ्यात ही शिटी राहील. शेजारच्या घरातील पोराचे नाव वहीत तुझ्या नावापुढे लिहिलेले आहे. तुझे कागद पिशवीत बांधलेले आहेत. पाणी त्या खुणेला आले की तू वाजव, तो येईल. आणि तो खरोखर येईल याची तजवीज पावसाळ्याआधी करा.

जयभीम! सर्वांचे मंगल होवो.